मुंबईची महापौरकी आणि कष्टकऱ्याचे मत



वसंत व्याख्यानमालेत इतिहासावर बोलावयाचे म्हणजे शिवकाल, पेशवाई, फार तर सत्तावनचे बंड, असा आपल्याकडे प्रघात आहे. मीही सत्तावन सालच घेणार आहे. पण ते १८५७ नव्हे, १९५७. त्या वर्षी मुंबई महापालिकेची एक निवडणूक झाली आणि तिच्यातून पुढे सलग तीन महापौर असे निघाले की, तशा माणसांना त्या खुर्चीजवळ उभे राहू देणे पूर्वीच्या काळी कोणाच्या स्वप्नातही आले नसते. एक शिक्षणाच्या क्षेत्रातला, दुसरा गिरणी कामगारांचा लाल बावट्याचा पुढारी आणि तिसरा आंबेडकरी चळवळीतला. ही गोष्ट मुंबईची असली तरी ती सोनपेठेत का सांगावयाची, याचा खुलासा शेवटी आपोआप होईल. तोवर एवढेच ध्यानात असू द्यावे की, मी पंडित नव्हे. जे वाचले ते संघटनेच्या कामाची गरज म्हणून वाचले, आणि वाचताना एकच प्रश्न डोळ्यांपुढे ठेवला : ज्याच्या हातांनी शहर चालते, त्याला शहराच्या कारभारात मत केव्हा मिळाले, कसे मिळाले, आणि मिळाल्यावर त्याने काय केले?

या प्रश्नाची सुरुवात १८६५ पासून करावी लागते. त्या साली मुंबईच्या कारभाराचा नवा कायदा झाला आणि सर्व सत्ता म्युनिसिपल कमिशनरच्या हाती आली. पहिला कमिशनर आर्थर क्रॉफर्ड. माणूस धडाडीचा. रस्ते, गटारे, बाजार यांचा त्याने सपाटा लावला. त्याच्या नावाचा बाजार पुढे मुंबईची खूण होऊन बसला. पण पैसा कोणाचा आणि हिशेब कोण विचारणार, हे ठरलेले नव्हते. कर वाढले, कर्ज वाढले, तेव्हा १८७१ मध्ये करदात्यांनी मोठा गवगवा केला. त्या गडबडीतून १८७२ चा कायदा निघाला. ६४ सभासदांची सभा ठरली. त्यांपैकी निम्मे, म्हणजे ३२, करदात्यांनी निवडावयाचे आणि उरलेले निम्मे सरकार व जस्टिस ऑफ द पीस या मानकऱ्यांनी पाठवावयाचे. हिंदुस्थानात लोकनियुक्त नगरकारभाराच्या ज्या अगदी पहिल्या पायऱ्या आहेत, त्यांतली ही एक. पुढे १८८८ चा कायदा आला, ज्याच्या घडणीत फिरोजशहा मेहता यांचा मोठा वाटा होता. सभासद ७२ झाले : ३६ वॉर्डांतून, १६ जस्टिसांकडून, २ विद्यापीठाकडून, २ व्यापाऱ्यांच्या चेंबरकडून आणि १६ सरकारनियुक्त.

ही आकडेवारी नीट पाहा. व्यापाऱ्यांच्या चेंबरला दोन जागा आहेत, विद्यापीठाला दोन आहेत. गिरण्यांत राबणाऱ्या हजारो माणसांना किती? शून्य. कायद्याचे म्हणणे सरळ होते : जो कर भरतो तो नागरिक. आता चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत आठदहा जणांनी राहणारा रत्नागिरीचा वा साताऱ्याचा गिरणी कामगार घरपट्टी कोठून भरणार? ती भरी चाळीचा मालक, आणि वसूल करी भाड्यातून. म्हणजे कर जाई कामगाराच्या खिशातून आणि मत मिळे मालकाला. करदाता कोण, हा प्रश्न पावतीवर कोणाचे नाव आहे एवढ्यावर सुटत नाही, हे आपल्याकडे फार थोड्यांना त्या वेळी दिसले.

ज्यांना दिसले त्यांत जोतीराव फुले होते. ते पुण्याच्या नगरपालिकेचे काही वर्षे सरकारनियुक्त सभासद होते. १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास येणार म्हणून त्यांच्या स्वागतासाठी १,००० रुपये खर्चावे असा ठराव आला. ३२ सभासदांत विरोधी मत एकट्या जोतीरावांचे पडले. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असे त्यांचे म्हणणे होते. एका मताने ठराव काही अडला नाही. पण ज्यांना मत नव्हते त्यांच्या वतीने सभागृहात एक तरी हात वर झाला, याची इतिहासाने नोंद ठेवली. जोतीरावांचेच सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली, सह्या गोळा केल्या, सभा भरविल्या, आणि १८९० च्या जून महिन्यात रविवारची सुटी पदरात पाडून घेतली. मत नसताना कामगाराने मिळविलेला हा विजय आहे. त्याला आवाज होता, मत नव्हते. आवाजाने सुटी मिळाली. गटार, पाणी आणि संडास यांचे ठराव मात्र मताने व्हावयाचे असतात.

मर्यादित मताधिकारात कशी कारस्थाने चालतात याचा एक नमुना १९०७ चा आहे, तो थोडक्यात सांगून पुढे जातो. जस्टिसांकडून निवडून द्यावयाच्या १६ जागांसाठी त्या वर्षी काही युरोपियन अधिकारी व त्यांचे मित्र यांनी एकत्र येऊन आपली १६ नावांची यादी केली. हेतू एकच, फिरोजशहा मेहतांना पाडावयाचे. मते मोजली तेव्हा ज्याला मुंबईचा सिंह म्हणत तो पुरुष सतरावा आला! पुढे निवडून आलेल्यांपैकी एक जण कायद्याने अपात्र ठरला आणि फिरोजशहा आत आले. या कटाविरुद्ध शहरात मोठा संताप उसळला, तो योग्यच होता. पण आपण एक गोष्ट विसरू नये. मतदार मूठभर असले की ते एका खोलीत बसून वळविता येतात. कटाचा दोष कट करणाऱ्यांना आहेच. पण कट करण्याइतका मतदारसंघ लहान ठेवणाऱ्या कायद्यालाही तो आहे.

पहिल्या महायुद्धानंतर वारे फिरले. १९२२ च्या दुरुस्तीने महिना १० रुपये वा अधिक भाडे भरणाऱ्या भाडेकरूला मुंबईत मत मिळाले. मालकाच्या पावतीमागे लपलेला भाडेकरू प्रथमच कायद्याच्या नजरेस आला. त्यानंतरच्या निवडणुकीत सरोजिनी नायडू, अवंतिकाबाई गोखले अशा स्त्रियाही सभागृहात बसल्या. अर्थात १० रुपये भाड्याची खोली म्हणजे कारकुनाची, मास्तराची, मुकादमाची. चारसहा रुपयांच्या खोलीत वाटेकरी म्हणून राहणारा गिरणीवाला अजून बाहेरच होता. पण उंबरठा खाली येऊ लागला होता.

१९३१ पासून महापालिकेच्या अध्यक्षाला महापौर म्हणू लागले. पहिले महापौर जे. बी. बोमन बेहराम. येथे या पदाचे स्वरूप समजून घेणे जरूर आहे, कारण महापौर म्हणजे शहराचा राजा अशी आपली समजूत असते. तशी वस्तुस्थिती नाही. १८८८ च्या कायद्याने अंमलबजावणीची सत्ता कमिशनरच्या हाती ठेवली, आणि कमिशनरची नेमणूक सरकारकडे. सभासदांनी अंदाजपत्रक मंजूर करावे, ठराव करावे, स्थायी समितीने कंत्राटे तपासावी, आणि महापौराने सभेचे अध्यक्षस्थान भूषवावे. कमिशनर नकोसा झाला तर एकूण सभासदांच्या पाच-अष्टमांश मतांनी त्याला परत पाठविता येते, हा एक अंकुश कायद्यात आहे. पण अंकुश म्हणजे लगाम नव्हे. महापौराची निवड नागरिक करीत नाहीत, त्यांनी निवडलेले सभासद करतात. आणि त्या काळी मुदत फक्त एक वर्षाची. मुंबईत संकेत असा पडला होता की, हिंदू, मुसलमान, पारशी, ख्रिस्ती यांच्याकडे पद आळीपाळीने जावे. संकेत चांगला होता. त्यात सर्व धर्म आले होते. सर्व वर्ग मात्र आले नव्हते.

मग अशा बिनसत्तेच्या पदाला किंमत काय? त्याचे उत्तर १९४२ ने दिले. त्या वर्षी समाजवादी कार्यकर्ते युसुफ मेहेरअली लाहोरच्या तुरुंगातून सुटून येऊन महापौर निवडले गेले. तोवरच्या महापौरांत ते वयाने सर्वांत लहान. सायमन कमिशनला ‘परत जा’ म्हणणारी १९२८ ची घोषणा त्यांची, आणि ‘भारत छोडो’ हे शब्दही त्यांनीच सुचविले असे सांगतात. ऑगस्टमध्ये लढा पेटला आणि मुंबईच्या प्रथम नागरिकाची रवानगी पुन्हा तुरुंगात झाली. हातात सत्ता नसलेले पदही लोकांच्या बाजूने बोलू लागले की सरकारला ते जड जाते, हे त्या दिवसांत दिसून आले. आमच्या कामगार संघटनेच्या अनुभवाशी हे जुळते. युनियनच्या अध्यक्षाला कारखान्याचा एक स्विच बंद करण्याचा अधिकार नसतो. पण त्याच्यामागे सभासद उभे असतील तर व्यवस्थापक त्याचे पत्र दुसऱ्यांदा वाचतो.

स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये मुंबई महापालिकेची निवडणूक प्रथमच प्रौढ मताधिकाराने झाली. घरपट्टी नको, भाड्याची पावती नको, पदवी नको. परळ, लालबाग, शिवडी, डिलाइल रोड येथील चाळकऱ्यांची मते आणि मलबार हिलवरील बंगलेवाल्यांची मते एकाच मापाने मोजली गेली. १८७२ पासून मोजले तर या एका पायरीला ७६ वर्षे लागली. हा आकडा मुद्दाम सांगतो, कारण प्रौढ मताधिकार आपल्याला घरच्या विहिरीच्या पाण्यासारखा फुकटचा वाटतो.

त्याच सुमारास आपल्याकडे काय चालले होते? सोनपेठ, परभणी, सारा मराठवाडा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होता. येथे नागरी स्वातंत्र्याचाच प्रश्न होता, मताधिकार तर दूरच. १९३७ मध्ये महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातील परतूर येथे भरले. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होते न होते तोच तिच्यावर बंदी आली. स्वामी रामानंद तीर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तुरुंग भोगले, कित्येकांनी प्राण दिले. १७ सप्टेंबर १९४८ नंतर येथील माणसाने मोकळा श्वास घेतला आणि १९५२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत आपल्या आजोबा-पणजोबांनी आयुष्यातले पहिले मत टाकले. मुंबईकर चाळकऱ्याच्या आणि सोनपेठच्या शेतमजुराच्या मताधिकारात असे तीनचार वर्षांचेच अंतर आहे. एकाला तो घरपट्टीच्या कायद्याने नाकारला होता, दुसऱ्याला निजामाने.

आता १९५७. त्याच्या मागची हकीकत सर्वांस ठाऊक आहे, म्हणून धावती सांगतो. १९५५ च्या अखेरीस राज्य पुनर्रचनेच्या वादात मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही अशी चिन्हे दिसू लागली. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनपाशी जमलेल्या जमावावर गोळीबार झाला. १९५६ च्या जानेवारीत मुंबई केंद्रशासित होणार असे जाहीर झाले आणि पुन्हा गोळ्या चालल्या. शंभरावर माणसे हुतात्मा झाली. त्यांत गिरणी कामगार, मजूर, विद्यार्थी, फेरीवाले असे साधेसुधे लोक फार. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. एस. एम. जोशी, डांगे, आचार्य अत्रे, उद्धवराव पाटील अशी एरवी एकमेकांस पाण्यात पाहणारी मंडळी एका व्यासपीठावर आली. कम्युनिस्ट, समाजवादी, शेतकरी कामगार पक्ष आणि शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन यांची ही मोट होती. अत्र्यांचे ‘मराठा’ १९५६ च्या नोव्हेंबरात निघाले. अमर शेख, अण्णाभाऊ साठे, गवाणकर यांच्या शाहिरीने कामगार वस्त्या हलविल्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्विभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात आले आणि त्याच दिवशी आपला मराठवाडाही त्या राज्यात आला. सोनपेठ आणि मुंबई एका राज्यात बसले ते त्या दिवसापासून.

१९५७ च्या सार्वत्रिक निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात समितीने काँग्रेसची दाणादाण उडविली. मराठवाड्यात मात्र बहुतेक जागा काँग्रेसने राखल्या, हेही सांगितले पाहिजे. इतिहास सांगताना आपल्याला गैरसोयीचे तेवढे गाळून चालत नाही. मध्य मुंबईच्या दोन जागांच्या लोकसभा मतदारसंघातून डांगे प्रचंड मतांनी आले आणि त्यांच्याबरोबर शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे गो. का. माने आले. लाल बावटा आणि निळा झेंडा यांना एकाच वस्तीने एकाच दिवशी मते दिली. ज्या गिरणगावात १९२८ च्या संपाच्या वेळी अस्पृश्य कामगारांना विणखात्यात काम मिळत नाही, या बाबासाहेबांच्या रास्त तक्रारीकडे कामगार पुढाऱ्यांनी पुरेसे लक्ष दिले नव्हते, त्या गिरणगावात हे घडले, म्हणून त्याला महत्त्व.

याच वर्षी महापालिकेची निवडणूक आली. तिच्यात पाणी आणि गटार यांच्याहून मोठा प्रश्न दडलेला होता. मुंबई महाराष्ट्राला देऊ नये म्हणणाऱ्यांचा एक मुद्दा असा होता की, शहरात मराठी बोलणारे निम्म्याहूनही कमी आहेत. १९५१ च्या शिरगणतीप्रमाणे ते खरेही होते. तेव्हा शहराचे मत म्हणजे मराठी माणसाचे मत नव्हे, असे ते म्हणत. हा युक्तिवाद खोडावयाचा तर दुसऱ्या जागी निवडणूक जिंकून भागणारे नव्हते. खुद्द मुंबई शहराच्या सभागृहातच बहुमत दाखवावे लागणार होते. समितीने ते दाखविले. काँग्रेसच्या हातून महापालिका गेली. जेथे स. का. पाटील यांनी १९४९ पासून लागोपाठ तीन वर्षे महापौरपद सांभाळले होते आणि ज्यांचा शब्द शहरात प्रमाण मानला जाई, तेथे आता समितीची मंडळी सत्ताधारी बाकांवर बसली. मुंबईला कोणाबरोबर राहावयाचे आहे, याचे उत्तर मुंबईच्या मतपेटीने दिले.

आणि मग महापौर कोण? येथे समितीची खरी कसोटी होती. आंदोलन एकत्र करणे सोपे असते. खुर्ची एक आणि वाटेकरी चार, तेव्हा मोट सुटते. आमच्या संघटनांतून मी हे वर्षानुवर्षे पाहतो. संप असेतो सगळे भाऊ. करार झाला की कमिटीच्या निवडणुकीत खुर्च्या फेकल्या जातात. समितीने एकेका वर्षाच्या मुदतीचा शहाणपणाने उपयोग केला. १९५७ मध्ये मो. वा. दोंदे महापौर झाले, शिक्षणाच्या कार्यात मुरलेले. १९५८ मध्ये शांताराम सावळाराम मिरजकर झाले. १९५९ मध्ये आंबेडकरी चळवळीतले पी. टी. बोराळे झाले. पूर्वीच्या संकेतात पद धर्मांमध्ये फिरत असे. आता ते शिक्षक, कामगार आणि दलित यांच्यामध्ये फिरले. या तीन नावांच्या ओळीत मला त्या निवडणुकीचे सारे सार दिसते.

मिरजकरांविषयी थोडे अधिक बोलणे मला प्राप्त आहे. १९२८ मध्ये मुंबईच्या कापड गिरण्यांत जो सहा महिन्यांचा सार्वत्रिक संप झाला, दीड लाखाच्या घरात कामगार ज्यात उतरले, त्याच्या पुढाऱ्यांपैकी ते एक. त्यातूनच गिरणी कामगार युनियन, लाल बावटा, उभी राहिली. १९२९ च्या मार्चमध्ये सरकारने देशभर धरपकड करून मीरतचा कटाचा खटला भरला. डांगे, जोगळेकर, निंबकर, घाटे यांच्याबरोबर मिरजकरही आरोपी. बादशहाचे राज्य उलथण्याचा कट केला, असा आरोप. खटला चार वर्षे चालला. ज्या माणसाला १९२९ मध्ये सरकारने राज्याचा शत्रू म्हणून साखळदंड घातले, तो १९५८ मध्ये मुंबईचा प्रथम नागरिक झाला, आणि तोही बंदुकीच्या बळावर नव्हे. सभागृहात रीतसर मते मोजून. मुंबईचा हा पहिला कम्युनिस्ट महापौर. जगात त्या वेळी शीतयुद्ध ऐन भरात होते. कम्युनिस्ट म्हणजे मतपेटी न मानणारा, असे एका गोटात सांगितले जाई, आणि मतपेटी म्हणजे भांडवलदारांचे ढोंग, असे दुसऱ्या गोटात. १९५७ च्या एप्रिलात केरळात नंबुद्रीपाद यांचे मंत्रिमंडळ आले आणि पुढच्या वर्षी मुंबईत मिरजकर महापौर झाले. दोन्ही गोटांचे म्हणणे आपल्या देशातील साध्या मतदाराने चुकीचे ठरविले.

पण कामगार चळवळीतल्या माणसाने येथे नुसत्या टाळ्या वाजवून थांबू नये. महापालिका ही हजारो माणसांची मालक आहे. झाडूवाले, गटारकामगार, इस्पितळांतले वॉर्डबॉय, आया, पाणीखात्याचे मजूर. शिवाय १९४७ च्या ऑगस्टपासून बसगाड्या आणि वीजपुरवठाही तिच्याच मालकीचा. म्हणजे आयुष्यभर मालकासमोर बसून मागण्या मांडणारा माणूस आता मालकाच्या सभेचा अध्यक्ष झाला. अशा वेळी कामगारांची अपेक्षा असते की आपला माणूस बसला, आता सही झालीच. आणि सही तर महापौराच्या हाती नसते! ती कमिशनरच्या हाती, पैसा अंदाजपत्रकात आणि अंदाजपत्रकाच्या नाड्या पुष्कळदा राज्य सरकारकडे. झाडूवाल्याच्या वस्तीला नळ देण्याचा हुकूम महापौर सोडू शकत नव्हता. त्या नळाचा प्रश्न सभागृहाच्या पटलावर आणू शकत होता. हा फरक लोकांना समजावून सांगणे हे अशा पुढाऱ्याचे सर्वांत कठीण काम. जे सांगत नाहीत ते लोकप्रिय होतात आणि दोन वर्षांत उघडे पडतात.

समितीच्या सत्तेची ही मर्यादा होती, आणि दुसरी मर्यादा तिच्या स्वभावातच होती. ती एका मागणीसाठी जन्मली. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला, मागणी पुरी झाली आणि मोट सैल पडली. प्रजासमाजवादी बाहेर पडले, घटक पक्ष आपापल्या वाटेने गेले. १९६१ मध्ये फ्लोरा फाउंटनपाशी हुतात्मा स्मारक उभे राहिले, तेव्हा ज्या एकजुटीने ते रक्त सांडले होते ती एकजूट उरली नव्हती. शहराचे घरबांधणीचे, पाण्याचे, सफाई कामगाराचे प्रश्न होते तेथेच राहिले. माझे मत विचाराल तर समितीने भाषेच्या प्रश्नावर शहर जिंकले, पण शहराच्या प्रश्नांवर स्वतःचा कार्यक्रम लोकांत रुजविला नाही. पुढची किती तरी दशके मुंबईत भाषेच्या नावाने मते मागितली गेली. त्या मतांनी चाळकऱ्याचे घर वाचले का, गिरणी वाचली का, हे १९८२ च्या संपानंतर गिरणगावाची जी अवस्था झाली तिच्याकडे पाहून प्रत्येकाने ठरवावे.

आता सोनपेठ. आपल्या गावात महापौर नाही, नगराध्यक्ष आहे. कमिशनर नाही, मुख्याधिकारी आहे. पण प्रश्न तोच. नगराध्यक्ष नागरिकांनी थेट निवडावा की नगरसेवकांनी, यावर आपल्या राज्यात किती वेळा मत फिरले पाहा. २०१६ मध्ये थेट निवड आली, २०२० मध्ये गेली, २०२२ मध्ये पुन्हा आली. प्रत्येक वेळी लोकशाहीचे नाव घेतले गेले आणि प्रत्येक वेळी सरकारातल्या पक्षाने आपली सोय पाहिली. दोन्ही पद्धतींना गुणदोष आहेत. थेट निवडीत माणूस लोकांना बांधील राहतो, पण सभागृहाशी त्याचे भांडण लागले तर गावाचे काम अडते. सभासदांनी निवडला तर सभागृह त्याच्या बाजूने असते, पण १९०७ सारखी खोली आणि यादी पुन्हा संभवते. पद्धत कोणतीही असो, ती सामन्याच्या मध्येच बदलू नये, एवढे तर आपण मागू शकतो.

त्याहून गंभीर गोष्ट दुसरी. घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने, १९९३ पासून, नगरपालिकेची निवडणूक पाच वर्षांत झालीच पाहिजे असा दंडक आहे. तरीही मुदत संपल्यावर राज्यातील अनेक नगरपालिकांवर आणि २०२२ च्या मार्चपासून खुद्द मुंबई महापालिकेवर वर्षानुवर्षे प्रशासक बसले. आरक्षणाचा वाद न्यायालयात होता, हे कारण खोटे नव्हते. पण १८६५ मध्ये क्रॉफर्डसाहेबाच्या हाती जी एकट्याची सत्ता होती, ती एकविसाव्या शतकात परत आली आणि १८७१ च्या करदात्यांनी केला तेवढाही गवगवा आपण केला नाही, याचे मला दुःख आहे. प्रशासक माणूस म्हणून वाईटच असतो असे नव्हे. कित्येक चांगले असतात. पण त्याला प्रश्न विचारण्याची जागा उरत नाही. गाऱ्हाणे घेऊन जावयाचे तर अर्ज घेऊन, नागरिक म्हणून नव्हे.

आणि शेवटी मताचा प्रश्न, ज्यासाठी ही सारी हकीकत सांगितली. मुंबईच्या गिरणी कामगाराला मत नव्हते कारण घरपट्टीच्या पावतीवर त्याचे नाव नव्हते. आज आपल्या ऊसतोड मजुराचे नाव मतदार यादीत आहे. पण दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेला कोयता, म्हणजे नवराबायको, लेकरांसह गाडीत बसून कारखान्याच्या फडावर जातो आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततो. विधानसभेचे मतदान २०२४ मध्ये २० नोव्हेंबरला झाले. नगरपरिषदांच्या निवडणुका २०२५ च्या डिसेंबरात झाल्या. दोन्ही वेळा ऊसतोडीचा हंगाम. वाणेच्या आणि गोदेच्या काठची आमची माणसे त्या दिवशी कोठे होती? सांगली-कोल्हापूरच्या वा कर्नाटकाच्या फडात. ज्याच्या उमेदवाराला गाडी करून मतदार आणणे परवडते त्याची मते येतात. पण अशा गाडीतून आलेले मत कोणाचे असते, हे तुम्ही जाणता. कायद्याने दिलेला हक्क पंचांगाने काढून घ्यावा, ही आपल्या काळची घरपट्टी आहे.

यावर उपाय नाही असे नाही. जिल्ह्यातून हंगामी स्थलांतर किती होते, केव्हा होते, हे शासनाला ठाऊक आहे. त्याप्रमाणे स्थानिक निवडणुकांचा महिना ठरविता येतो. सैन्यातल्या जवानाला आणि निवडणुकीच्या कामावरील कर्मचाऱ्याला टपालाने मत देता येते. मग फडावरच्या मजुराची सोय का होऊ नये, हा प्रश्न विचारता येतो. मतदानाच्या दिवशी भरपगारी सुटी द्यावी असा कायदा आहे; पण टनावर पैसे घेणाऱ्याला सुटीचा पगार कोण देणार, हेही मुकादम, कारखाना आणि सरकार यांना विचारता येते. हे प्रश्न मजूर एकटा विचारू शकत नाही. तो विचारील तर पुढच्या वर्षी उचल बंद होईल. ते विचारावयाचे आहेत तुम्ही, जे गावात राहता, व्याख्यानांना येता, ज्यांची नावे पावत्यांवर आहेत. १८८० मध्ये पुण्याच्या सभागृहात एका माणसाने, ज्यांना मत नव्हते त्यांच्यासाठी आपले मत वापरले. ३२ मध्ये तो एकटा होता. सोनपेठेत आपण तेवढे एकटे नाही.

पुढच्या नगरपरिषदेच्या सभेला आपल्यापैकी पाच जणांनी जरी प्रेक्षक म्हणून बसावयाचे ठरविले, अंदाजपत्रकाची प्रत मागितली, आणि मतदानाच्या महिन्याविषयी एक ठराव आपल्या नगरसेवकांकडून मांडवून घेतला, तरी या व्याख्यानाचे काम झाले असे मी समजेन.